अंगठीला दोरा गुंडाळला, गोळ्या तशाच राहिल्या

बुधवारी सकाळी दवाखान्याचं शटर वर करायच्या आधीच बाई आणि सर बाहेरच्या बाकावर येऊन बसले होते. बाई आमच्या अकोल्यातल्याच एका शाळेत गणित शिकवतात, वय ४७. सर त्यांचे यजमान, तेही शिक्षक. चौदा वर्षं हे घर माझ्याकडे येतं. त्यांच्या मुलाच्या कांजण्यांपासून सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणापर्यंत सगळं मी पाहिलेलं आहे. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. लिहायला बाईंनीच सांगितलं.

खुर्चीवर टेकायच्या आधीच बाई म्हणाल्या, "डॉक्टर, माझं हार्ट गेलं कामातून. ते वजनाचं इंजेक्शन मी आजपासून बंद करतेय."

सरांनी रात्रीचे कागद पुढे केले. ईसीजी, ट्रोपोनिनचा (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) रिपोर्ट आणि एका खाजगी रुग्णालयाचं कार्ड. कार्डावर निदानाच्या जागी 'घबराट, ॲसिडिटी' असं लिहिलेलं होतं, आणि औषध म्हणून झोपेची एक गोळी.

मंगळवारची रात्र

आधी थोडं मागचं. बाईंना थायरॉइड कमी असल्याचा त्रास बारा वर्षांपासून. रोज थायरॉइडची गोळी, लेव्होथायरॉक्सिन १२५ मायक्रोग्रॅम. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० आणि त्याच गोळीत क्लोरथॅलिडोन १२.५, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. ह्या दोन्ही गोळ्या मी लिहून दिलेल्या. नोव्हेंबरात त्यांचं वजन ८८ किलो होतं, उंची १५४ सेंटिमीटर, बीएमआय ३७. गुडघे दुखत होते, जिना चढवत नव्हता. नागपूरच्या एका तज्ज्ञांनी तपासून वजन उतरवणाऱ्या टिर्झेपेटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलं. नियमाप्रमाणे पहिले चार आठवडे २.५ मिलिग्रॅम, मग ५, मग ७.५. डायबेटिस नाही. एप्रिलअखेर वजन ७६ वर आलं होतं. बारा किलो, तेही शिस्तीत, चालणं वाढवून.

त्या रविवारी रात्री डोस पहिल्यांदाच १० झाला. सोमवारी मळमळ आणि पाच-सहा जुलाब. मंगळवारी पुतण्याचं लग्न, शहराबाहेरच्या लॉनवर, आणि पारा ४४ च्या वर. अकोल्याचा एप्रिल ज्याने काढलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. दिवसभरात बाईंच्या पोटात गेला तो अर्धा ग्लास मठ्ठा आणि दोन घास भात. "भूकच नव्हती, आणि तहान लागलीय हेही कळलं नाही," असं त्या म्हणाल्या. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ह्या औषधावर असताना भूक मंदावते तशी बऱ्याच जणांची पाण्याची आठवणही मंदावते.

पहाटे पावणेतीनला त्या एकदम जाग्या झाल्या. छातीत फडफड, गळ्यापर्यंत ठोके, घाम, हात थरथरत होते. उठून बसल्या तर डोळ्यांपुढे अंधारी. सरांनी गाडी काढली. इमर्जन्सीत ईसीजी निघेपर्यंत फडफड ओसरली होती, नुसतीच जोरात धडधड उरली होती. ईसीजीवर ठोके ११८, लय नियमित, मध्ये दोन ठोके वेळेआधी पडलेले. ट्रोपोनिन निगेटिव्ह, ग्लुकोमीटरवर साखर ९४. "मॅडम, टेन्शन घेऊ नका," असं सांगून पाच वाजता घरी पाठवलं.

रात्रपाळीच्या त्या तरुण डॉक्टरला मी दोष देणार नाही. जीवघेणं काही नाही एवढं त्याने पाहिलं, आणि ते त्याचं कामच होतं. पण 'घबराट' हा शब्द लिहिला की पुढचे प्रश्न थांबतात, आणि बाईमाणसाच्या कार्डावर हा शब्द फार लवकर लिहिला जातो, हे मी इतक्या वर्षांत बघत आलोय.

टेबलावर वाजवून दाखवा

धडधड ह्या एका शब्दात निदान चार-पाच वेगळ्या गोष्टी मावतात, म्हणून मी रुग्णाला एकच काम सांगतो. मी म्हटलं, "बाई, रात्री छातीत जे चाललं होतं ते बोटाने ह्या टेबलावर वाजवून दाखवा."

त्यांनी डोळे मिटले. तर्जनीने वाजवायला लागल्या. टक टक टक टक, जलद पण सरळ. मग मध्येच टकटक घाईने, मग बोट हवेत थांबलं, आणि मग एक जोरदार ठोका. पुन्हा सरळ. थोड्या वेळाने सात-आठ टकटक इतक्या भराभर की बोट नीट उचललं जाईना, आणि पुन्हा ती थांबलेली जागा.

गणिताच्या बाईंनी मला अर्धं निदान वाजवून दाखवलं. सरळ जलद ठोके म्हणजे हृदय कुठल्यातरी कारणाने पळतंय, पण त्याची लय शाबूत आहे. घाईचा ठोका आणि नंतरचा थांबा म्हणजे अवेळी पडणारे ठोके, ज्यांना आम्ही एक्टोपिक म्हणतो. थांब्यात हृदय जास्त भरतं, म्हणून पुढचा ठोका दणका बसल्यासारखा जाणवतो. लोक म्हणतात 'ठोका चुकला', आणि प्रत्यक्षात त्यांना जाणवतो तो चुकलेल्यानंतरचा. भराभर सात-आठ म्हणजे अशा ठोक्यांची लहानशी रांग. सगळेच ठोके वेडेवाकडे, कशालाच ताल नाही असं त्यांनी वाजवलं असतं तर मी एट्रियल फिब्रिलेशनच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय पार विस्कटण्याच्या भीतीने त्यांना तिथूनच पुढे पाठवलं असतं. आणि बटण दाबल्यासारखं एका क्षणात १८० ला सुरू होऊन एका क्षणात बंद झालं असतं, तर तो हृदयातल्या जादा वायरिंगचा वेगळा आजार निघाला असता.

मग त्यांना दोन्ही हात पुढे ताणून धरायला सांगितले आणि बोटांवर वहीचा एक कागद ठेवला. कागद बारीक थरथरू लागला, पंख्याचा वारा नसताना. भीतीने हात कापतात तेव्हा तळवे गार पडतात. बाईंचे तळवे गरम आणि ओलसर होते.

आडवं झोपवून रक्तदाब घेतला, ११६/७४, नाडी ९६. उभं करून तीन मिनिटांनी ९४/६२, नाडी १२८. शरीरात पाणी कमी पडल्याची ह्याहून स्वस्त तपासणी नाही.

हात धरलेला असतानाच त्यांची अंगठी दिसली. सोन्याच्या कडीला आतून लाल दोरा गुंडाळलेला. मी विचारलं. "सैल झाली ना, निसटते. सोनाराकडे जायला वेळ नाही," त्या म्हणाल्या. "ब्लाउज मात्र पाचही आल्टर करून आणले."

मला त्या क्षणी जे लख्ख दिसलं ते सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहितोय. अंगठी बदलली होती, ब्लाउज बदलले होते, ताट बदललं होतं. गोळ्या तेवढ्या ८८ किलोच्या बाईंच्याच चालू होत्या.

पिशवी

घरातली खाण्यापिण्याची सगळी औषधं, चूर्णं, पावडरी, काही असेल ते घेऊन या असं मी सरांना घरी पिटाळलं. अर्ध्या तासात ते पिशवी घेऊन आले आणि ती टेबलावर उलटी केली. थायरॉइडची बाटली, रक्तदाबाची गोळी, कॅल्शियम, आणि गुलाबी डबीत 'केसांच्या गोळ्या'. वजन झपाट्याने उतरलं की तीन-चार महिन्यांनी केस गळतात. तसे बाईंचेही गळत होते. मैत्रिणीने सुचवलेल्या त्या गोळीत बायोटिन हे ब जीवनसत्त्व १० मिलिग्रॅम होतं. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीनशेपटीहून जास्त.

फॅट बर्नर, ग्रीन टीच्या नावाखालचं काही, जिममधली पावडर, ह्याबद्दल मी तीनदा विचारलं. विचारावंच लागतं. सरांच्या बहिणीने पंधरा-सोळा वर्षांपूर्वी वजनाची गोळी घेतली होती आणि तिलाही अशीच धडधड व्हायची, हे सरांच्या मनात घर करून बसलं होतं. नाव त्यांना आठवत नव्हतं, पण काळ आणि वर्णन ऐकून ती सिब्युट्रामिन असणार असं मला वाटलं. ती गोळी मेंदूत नॉरॲड्रिनॅलिन साचवून भूक मारायची, आणि त्याच नॉरॲड्रिनॅलिनने नाडी आणि रक्तदाब चढायचा. सुमारे दहा हजार जणांच्या मोठ्या चाचणीत हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण वाढलेलं दिसल्यावर २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून ती गेली, २०११ मध्ये आपल्याकडेही बंदी आली. त्याआधी १९९७ मध्ये फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपा खराब करतं म्हणून बाजारातून काढलं होतं. लोकांच्या मनातली भीती हवेतून आलेली नाही, तिला इतिहास आहे. आणि 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत ही बंदी घातलेली सिब्युट्रामिन मिसळलेली वारंवार सापडलेली आहे, म्हणून तीनदा विचारायचं. बाईंकडे तसलं काही नव्हतं.

मग मी सकाळचं वेळापत्रक विचारलं. गोळी किती वाजता, चहा किती वाजता.

"आधी गोळी घेतली की लगेच चहा, सोबत टोस्ट आणि कॅल्शियम. बारा वर्षं तेच. आता इंजेक्शन सुरू झाल्यापासून सकाळचा चहा नकोसाच वाटतो. दहा-साडेदहाला काहीतरी खाते. कॅल्शियम रात्री."

हे ऐकून मी पेन खाली ठेवलं. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, आणि कॅल्शियमपासून चार तास लांब. चहा, अन्न आणि कॅल्शियम तिला आतड्यात अडवून धरतात. बाईंची १२५ ची मात्रा बारा वर्षं ह्या अडवणुकीला धरून ठरत गेली होती. खरं तर १२५ मधलं बरंच वाया जात होतं आणि त्या वाया जाण्यासकट रिपोर्ट नॉर्मल येत होता. चहा सुटला, कॅल्शियम रात्रीवर गेलं, आणि पहिल्यांदाच ती गोळी पूर्ण अंगी लागू लागली. त्याच वेळी अंग मात्र बारा किलोने कमी झालं. ह्या गोळीची पूर्ण मात्रा किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम अशी वजनावर मोजतात. भर म्हणून, बाईंच्या इंजेक्शनच्या वर्गातल्या औषधांनी पोट सावकाश रिकामं होतं. त्याच वर्गातल्या सेमाग्लुटाइडच्या तोंडाने घ्यायच्या गोळीसोबत लेव्होथायरॉक्सिन दिलं तेव्हा रक्तातलं थायरॉक्सिन ३३ टक्क्यांनी जास्त भरल्याचं त्या औषधाच्या माहितीपत्रकातच नोंदलेलं आहे. बाईंचं औषध वेगळं आणि टोचायचं, पण दिशा लक्षात यावी म्हणून सांगितलं.

आकडे

पोटॅशियम ३.१ (किमान ३.५ हवं). मॅग्नेशियम १.५. सोडियम १३२. क्रिएटिनिन, जे किडनीवर ताण आला की वाढतं, १.२; ऑक्टोबरात ते ०.७ होतं. हिमोग्लोबिन ११.९. टीएसएच, म्हणजे थायरॉइड जास्त झालं की खाली जाणारं हार्मोन, ०.०५. फ्री टी-४, म्हणजे रक्तातलं प्रत्यक्ष थायरॉइडचं हार्मोन, वरच्या मर्यादेच्या पुढे, २.१. ऑक्टोबरातला टीएसएच होता २.४.

रिपोर्ट हातात आल्यावर 'थायरॉइड जास्त झालं' म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण गुलाबी डबी समोरच होती. बऱ्याच प्रयोगशाळांतली यंत्रं हे हार्मोन मोजायला बायोटिनचाच चिकटपणा वापरतात. रक्तात बायोटिन भरमसाट असलं की टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो, म्हणजे हुबेहूब हाच रिपोर्ट. आणि त्याहून गंभीर म्हणजे ट्रोपोनिन खोटा कमी दिसू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०१७ मध्ये ह्याच कारणासाठी डॉक्टरांना सावध केलं होतं, आणि त्यात खोट्या कमी ट्रोपोनिनमुळे गेलेल्या एका जिवाचा उल्लेख होता. म्हणजे रात्रीच्या ज्या 'निगेटिव्ह'वर सगळे निर्धास्त झाले होते तो मला आता तेवढा पक्का वाटेना. इमर्जन्सीत कोणीच "केसांची गोळी घेता का?" असं विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही एरवी विचारत नव्हतो.

बायोटिन त्याच दिवशी बंद केलं. ईसीजी पुन्हा काढला, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतला. हृदयाचं पंपिंग उत्तम, झडपा चांगल्या. शनिवारी, बायोटिन सुटून तीन दिवस झाल्यावर, रक्त पुन्हा पाठवलं. हार्ट अटॅक झाला असता तर ट्रोपोनिन आठवडाभर तरी वर राहिला असता, पण तो निगेटिव्हच आला. टीएसएच ०.०६. म्हणजे थायरॉइडचा रिपोर्ट खरा होता.

दरम्यान होल्टर, म्हणजे अंगावर बांधून चोवीस तास ईसीजी नोंदवणारं यंत्र, लावला होता. दिवसभरात सुमारे एक लाख एकतीस हजार ठोके, सरासरी ९१. अवेळी पडलेले ठोके २,९००, सगळे वरच्या कप्प्यातून निघालेले. रांगा दहा, सगळ्यात मोठी नऊ ठोक्यांची. एट्रियल फिब्रिलेशन कुठेही नाही. माझं लक्ष मात्र पहाटे चारच्या आकड्यावर होतं. गाढ झोपेतही नाडी ७४ च्या खाली उतरलेली नव्हती. भित्रा माणूस जागेपणी भितो, झोपेत त्याची नाडी उतरते. बाईंची नाडी झोपेतही पळत होती.

सर्वांत कठीण परिच्छेद

फेब्रुवारीत बाई माझ्याकडे सर्दीसाठी आल्या होत्या. केसपेपर काढून पाहिला. माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, वजन ८१, रक्तदाब १०८/७०, 'छान! त्याच गोळ्या चालू.' मी त्यांचं कौतुक केलं होतं, कंपाउंडरलाही बोलावून दाखवलं होतं. सात किलो उतरलेले, रक्तदाब इतका खाली, आणि लघवी वाढवणारी गोळी मी तशीच पुढे लिहिली, विदर्भाचा उन्हाळा तोंडावर असताना. टीएसएच पाठवायचं सुचलं नाही, कारण तो 'वर्षातून एकदा' करायचा आणि ऑक्टोबरात झाला होता. इंजेक्शन नागपूरचं, गोळ्या माझ्या, केसांचं औषध मैत्रिणीचं. तिघांनी तीन कागद सांभाळले, आणि त्या तिन्ही कागदांखालचं शरीर महिन्याला दोन किलोने बदलत होतं. फॅमिली डॉक्टरने नेमकं हेच बघायचं असतं, आणि ते माझ्याकडून राहिलं. मी बाईंना हे तोंडावर सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे हार्ट चांगलं आहे ना?"

मग इंजेक्शनचा वाटा किती?

सरांचा प्रश्न हाच होता, आणि रास्त होता. टिर्झेपेटाइड आणि सेमाग्लुटाइड ही आतड्यातल्या हार्मोनांची नक्कल करणारी औषधं आहेत. सिब्युट्रामिनसारखी ती नॉरॲड्रिनॅलिन साचवत नाहीत. पण नाडी थोडी वाढवतात, हे खरं आहे. सरासरी मिनिटाला १ ते ४ ठोके. हृदयाची नाडी ठरवणाऱ्या गाठीवर ह्या हार्मोनाला प्रतिसाद देणाऱ्या जागा असतात, त्यातून हे होतं. सरासरी छोटी असली तरी काहींची नाडी दहा-वीसनेही वर जाते, आणि बसल्या जागी हृदय पळतंय असं वाटलं तर डॉक्टरांना सांगा अशी सूचना सेमाग्लुटाइडच्या माहितीपत्रकात आहे. दुसरीकडे, आधीच हृदयविकार असलेल्या १७,६०४ जाड व्यक्तींवर सेमाग्लुटाइडची जी चाचणी झाली आणि २०२३ मध्ये छापून आली, तीत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू हे सगळं मिळून २० टक्क्यांनी कमी झालं. नाडी थोडी वाढते म्हणून हृदय बिघडतं, असं गणित इथे बसत नाही.

बाईंच्या बाबतीत मी असं मांडलं: चार ठोके इंजेक्शनचे असतील. बाकीचे थायरॉइडच्या जादा मात्रेचे, कोरड्या पडलेल्या शरीराचे आणि घसरलेल्या पोटॅशियमचे. जुलाबातून पोटॅशियम गेलं, लघवीच्या गोळीतून गेलं, आणि खाण्यातून आलंच नाही. डोस १० झाल्याच्या तिसऱ्या रात्री हे सगळं एकत्र आलं. इंजेक्शनने काडी ओढली हे मला मान्य आहे, पण गवत आम्हीच वाळत घातलं होतं.

आणि नुसतं इंजेक्शन बंद केलं असतं तर? थायरॉइड तसंच जास्त राहिलं असतं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाच्या १९९४ च्या अभ्यासात साठीपुढच्या ज्या लोकांचा टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी होता त्यांना दहा वर्षांत एट्रियल फिब्रिलेशन होण्याचा धोका तिप्पट दिसला होता. बाई सत्तेचाळीसच्या आहेत, पण असं दहा-बारा वर्षं चालू द्यायचं नसतं.

काय केलं

त्याच दिवशी सलाइनच्या दोन बाटल्या, घरी ओआरएस. रक्तदाबाची एकत्र गोळी पूर्ण थांबवली. पोटॅशियमचं सिरप पाण्यात मिसळून दिवसातून दोनदा. ते इतकं वाईट लागतं की बाईंनी ते पन्ह्यात घालून घेतलं, आणि मी हरकत घेतली नाही. किडनी दमलेली असताना पोटॅशियम आंधळेपणाने देत राहायचं नसतं, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा मोजलं: ३.९. क्रिएटिनिन ०.८ वर आलं. पाणी भरून निघाल्यावर, दमा नाही ह्याची खात्री करून, नाडी आवरणारं प्रोप्रॅनोलॉल, २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, फक्त तीन आठवडे.

लेव्होथायरॉक्सिन तीन दिवस बंद ठेवून मग ८८ वर आणलं. हे औषध रक्तातून अर्धं उतरायला साधारण सात दिवस घेतं, म्हणून आज कमी केलं की उद्या बरं वाटेल असं होत नाही. हे मी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं, नाहीतर चौथ्या दिवशी रुग्णाचा धीर सुटतो. बाईंचा सहाव्या दिवशी सुटला. रात्री फोन आला, "पुन्हा सुरू झालंय." मी म्हटलं, मनगटावर बोटं ठेवा आणि घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट मोजा. १०४, आणि मध्ये तीनदा थांबा. "छातीत दुखतंय का? दम लागतोय का? डोळ्यांपुढे अंधारी?" नाही. "मग पडून राहा, मी फोनवर आहे." वीस मिनिटांत ९० वर आलं. ह्या तीनपैकी एकालाही 'हो' उत्तर आलं असतं, किंवा शुद्ध हरपली असती, किंवा नाडी बसल्या जागी १२० च्या वर टिकून राहिली असती, तर मी फोनवर बोलत बसलो नसतो, १०८ लावायला सांगितलं असतं. आणि फडफड चालू असतानाच निघालेला ईसीजी नंतरच्या दहा ईसीजींपेक्षा मोलाचा असतो, म्हणून जवळ जो दवाखाना असेल तिथे, ओसरायची वाट न बघता जायचं, हेही त्यांच्या कागदावर लिहिलं.

नागपूरच्या तज्ज्ञांना मी फोन केला. पुढच्या दोन रविवारी इंजेक्शन नाही, मग पुन्हा खालच्या ५ वर, आणि पावसाळा लागेपर्यंत मात्रा वाढवायची नाही, असं आमचं ठरलं. ते मोकळेपणाने बोलले. आता तिन्ही कागद एका वहीत आहेत.

खाण्याचं सांगणं सोपं नव्हतं. भूक नसताना 'खा' म्हणणं म्हणजे त्रासच. अर्धी भाकर तर अर्धी भाकर, पण आधी वरण, अंडं किंवा मटकीची उसळ, आणि भाकर शेवटी. पाण्याला तहानेची वाट बघायची नाही. बाईंनी शाळेच्या तासिकेवर पाणी लावून घेतलं, घंटा झाली की अर्धा ग्लास. सुट्टीत घंटा सर वाजवतात, स्टीलच्या ताटलीवर.

सकाळच्या चहाचं मात्र मी त्यांना नीट विचारलं. पुढे चहा पुन्हा सुरू होणार असेल तर होऊ दे, पण गोळीनंतर तासाभराने, आणि रोज त्याच वेळी. कधी चहासोबत, कधी चहाशिवाय असं झालं तर मात्रा कधीच जुळणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात धडधड जवळजवळ गेली. प्रोप्रॅनोलॉल सुटलं. सहा आठवड्यांनी टीएसएच १.८, होल्टरवर अवेळी ठोके १४०, पहाटेची नाडी ५८. कागद बोटांवर स्थिर राहिला. रक्तदाब वर सरकायला लागल्यावर टेल्मिसार्टन एकटं, २० मिलिग्रॅम, पुन्हा सुरू केलं. लघवीची गोळी परत लागली नाही. केस अजून थोडे गळतात. त्यासाठी फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासलं, कमी निघालं, आणि लोहाची गोळी दुपारी जेवणानंतर दिली, थायरॉइडपासून लांब.

जुलैत बाई आल्या तेव्हा वजन ७३ होतं आणि अंगठी सोनाराकडून लहान करून आणलेली होती. त्यांनी वहीत तक्ता आखून आणला होता. डावीकडे तारखा नव्हत्या, किलो होते: ८८, ८४, ८०, ७६, ७३. समोर प्रत्येक गोळी आणि तिची मात्रा, रक्तदाब, नाडी. खाली रिकाम्या ओळी सोडलेल्या होत्या. सत्तरच्या ओळीवर मी लाल पेनने लिहिलं, 'टीएसएच, पोटॅशियम, उभ्याने बीपी', आणि खाली सही केली.